पूल टेबलचं बिऱ्हाड

घर बदलायचं ठरलं की सामानाची यादी होते. फ्रिज, कपाटं, पलंग, वॉशिंग मशीन ही नावं भराभर लिहून होतात. यादीत पूल टेबल आलं की मात्र घरात चर्चा सुरू होते आणि कोणीतरी हमखास तोडगा सुचवतं, "आठ तगडी माणसं बोलवू, चारही बाजूंनी धरू आणि टेम्पोत चढवू." ह्या सल्ल्यात टेबल जड असतं एवढंच खरं आहे. आठ माणसांनी उचललेलं टेबल नव्या घरी पोहोचतं, दिसतंही पूर्वीसारखंच. पण पहिला बॉल हळू सोडला की तो सरळ जाता जाता एका बाजूला वळतो, आणि तो का वळतो हे शोधताना कापडाखाली तडा सापडतो.

पूल टेबलची सगळी किंमत त्याच्या सपाटपणात आहे. लाकडावरचं नक्षीकाम, चामडी पॉकेट, पॉलिश हे सगळं नंतर. म्हणून टेबल हलवताना प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: ह्याने सपाटपणाला धक्का लागेल का? टेबल पूर्ण खोलायचं, भाग सुटे न्यायचे आणि नव्या जागी पहिल्यापासून उभारायचं, ही रीत ह्याच प्रश्नातून आली आहे.

कापडाखाली काय असतं

टेबल वरून लाकडी दिसतं, पण त्याचा जीव दगडात असतो. कापडाखाली स्लेटच्या लाद्या असतात. लंडनचे जॉन थर्स्टन यांनी १८२६ साली बिलियर्ड्सच्या टेबलला स्लेटचा पृष्ठभाग दिला. त्याआधी तो लाकडी असे, हवेतल्या ओलाव्याने फुगे आणि वाकडा होई. दगडाला पावसाळा-उन्हाळा सारखाच, म्हणून तो टिकला आणि आजही चांगल्या टेबलात स्लेटच असते.

घरगुती टेबलं बहुतेक करून सात, आठ किंवा नऊ फुटी असतात. आठ फुटी टेबलचा खेळण्याचा भाग ८८ बाय ४४ इंच आणि नऊ फुटीचा १०० बाय ५० इंच. लाद्या त्याहून थोड्या मोठ्या, कारण त्या कडेच्या लाकडी रेलच्या खालीही जातात. स्लेट एक इंच जाडीची असेल तर आठ फुटी टेबलात नुसता दगडच २२५ किलोच्या आसपास भरतो आणि नऊ फुटीत २८० किलोच्या. चांगल्या टेबलात हा दगड बहुधा तीन तुकड्यांत असतो. म्हणजे एक लादी ७५ ते ९५ किलोची. खाली लाकडी चौकट आणि पाय, वर कडेने सहा रेल, त्यांना आतून लावलेली रबरी कुशन. सगळं मिळून टेबल ३५० ते ४५० किलोपर्यंत जातं.

आता सपाटपणा म्हणजे किती, ते पाहू. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या मापांनुसार स्पर्धेच्या टेबलचा पृष्ठभाग लांबीत ०.०२० इंच आणि रुंदीत ०.०१० इंच एवढ्याच फरकाची मुभा देतो. दोन लाद्यांच्या सांध्याशी तर ०.००५ इंचापेक्षा जास्त उंचसखलपणा चालत नाही. हे झालं मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढं, झेरॉक्सच्या एका कागदाच्या जाडीहून जेमतेम जास्त. घरच्या टेबलाला स्पर्धेचा कस लावायची गरज नाही, पण चुकीला वाव किती कमी असतो ते ह्यावरून कळतं.

पूर्वीच्या शाळकरी पाटीचा दगड हाच. ती पाटी पिशवीत उभी असेपर्यंत वर्षभर धक्के खाऊन टिकायची, आणि आडवी पडलेली असताना मधोमध कोणाचा गुडघा टेकला की दोन तुकडे व्हायचे. टेबलच्या लादीचंही तसंच आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लादी आडवी धरून दोन टोकांनी उचलली की ती स्वतःच्या वजनाने मध्ये झुकू पाहते, तिचा खालचा पृष्ठभाग ताणला जातो आणि तिथूनच तडा सुरू होतो. तीच लादी कडेवर उभी केली की वाकायला एका इंचाऐवजी तिची पूर्ण रुंदी आड येते, आणि ती वाकतच नाही. लादी नेहमी उभी न्यायची, हा टेबल हलवण्याचा पहिला आणि सर्वांत मोठा नियम.

आपल्या टेबलात स्लेट आहे की नाही, हे आधी खाली वाकून पाहून घ्या. चौकटीच्या फटीतून करड्या दगडाची कड दिसली तर स्लेट. तपकिरी, दाबलेल्या भुशासारखी कड दिसली तर एमडीएफ. एमडीएफचं टेबल हलकं असतं, पण ते पावसाचा थेंबही सोसत नाही. कडा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत. दगडाला मधे सांधे दिसतात का, तेही पाहा. नाणं टाकून खेळायच्या सात फुटी टेबलांत बरेचदा एकच अखंड लादी असते. ती तुकड्यांत सुटी करून नेता येत नाही, त्यामुळे तिचा बेत वेगळा आखावा लागतो.

टेप आधी, पाना नंतर

खोलायला सुरुवात करण्याआधी नव्या घरी जाऊन मोजमाप करा. टेबल खोलीत मावणं पुरेसं नाही, खेळणाराही मावला पाहिजे. नेहमीची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, ५८ इंचांची असते. खेळण्याच्या भागाच्या चारही बाजूंना एकेक क्यूची जागा धरली तर आठ फुटी टेबलला १७ फूट बाय १३ फूट ४ इंच खोली लागते, नऊ फुटीला १८ फूट बाय १३ फूट १० इंच. हे मोजताना भिंतीतून पुढे आलेला कॉलम, आत उघडणारं दार आणि खिडकीखालचा ओटा धरायला विसरू नका. एखाद्या कोपऱ्यात जागा थोडी कमी पडत असेल तर तेवढ्यापुरती ४८ इंची आखूड क्यू ठेवून भागतं, पण चारही बाजूंना तीच वापरावी लागणार असेल तर लहान टेबलचा विचार केलेला बरा.

नंतर वाट मोजायची. फाटकापासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दारापर्यंत, दारापासून खोलीपर्यंत, जिन्याची वळणंही. आठ फुटी टेबलची एक लादी साधारण ५२ बाय ३२ इंच असते. ती लिफ्टमध्ये सहज उभी राहते. अडचण होते ती चौकटीच्या लांब तुळयांची, म्हणून लिफ्टच्या आतली उंची मोजून ठेवा. आपल्याकडे लिफ्टची क्षमता माणशी ६८ किलो धरून लिहिलेली असते; आठ जणांची लिफ्ट म्हणजे ५४४ किलो. तिन्ही लाद्या आणि चार माणसं एकदम घुसवण्याचा मोह टाळा. एका फेरीला एक लादी आणि दोन माणसं, एवढंच. लिफ्टच्या उंबरठ्यावर लादीची कड आपटू नये म्हणून तिथे फळी टाका.

सोसायटीची परवानगी दोन्हीकडे घ्यावी लागते. सामान चढवण्या-उतरवण्याच्या वेळा, अनामत रक्कम, टेम्पो आत घ्यायचा की नाही, हे सेक्रेटरींशी आधी बोलून घेतलं तर ऐनवेळी लाद्या फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहत नाहीत.

"वरच्या मजल्याची स्लॅब हे वजन पेलेल का?" असं बरेच जण विचारतात. भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी दर चौरस मीटरला २०० किलो एवढा भार धरलेला असतो. ४०० किलोचं आठ फुटी टेबल सुमारे साडेतीन चौरस मीटर जागा व्यापतं, म्हणजे दर चौरस मीटरला ११५ किलोच्या आसपास. नीट बांधलेल्या इमारतीत हे बसतं. जुनी इमारत, लाकडी तक्तपोशी किंवा गळकी स्लॅब असेल तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टेबल ठेवू नये. स्लॅबपेक्षा जास्त वेळा फरशीच दगा देते. टेबलच्या चारही पायांवर प्रत्येकी १०० किलोच्या आसपास भार येतो. फरशीखाली पोकळी राहिली असेल तर त्या भाराने ती तडकते. पाय येणार त्या जागी फरशीवर नाणं वाजवून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर टेबल थोडं सरकवा.

खोलण्याचा क्रम

साहित्य फार लागत नाही: बॉक्स पान्यांचा संच, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर, सोफा शिवणारे वापरतात तसा स्टेपल काढायचा चिमटा, रुंद पात्याची पट्टी, मास्किंग टेप, मार्कर आणि झिपच्या पिशव्या. मोबाइल हातात ठेवा आणि प्रत्येक भाग सुटण्याआधी त्याचा फोटो काढा. जोडताना हे फोटो कारागिराच्या अनुभवाइतकेच कामी येतात.

सुरुवात पॉकेटपासून. चामडी पॉकेट रेलच्या खालच्या बाजूला खिळ्यांनी किंवा स्टेपलने अडकवलेली असतात आणि त्यांची लोखंडी कडी बोल्टने रेलला धरलेली असते. खिळे उपसून कडी सोडवा. चामडं जुनं असेल तर ते वाळून कडक झालेलं असतं. हिसका दिला की भोकाशी फाटतं.

पॉकेट निघाली की रेल. सहा रेल, आणि साधारणपणे प्रत्येकाला खालून तीन बोल्ट. टेबलखाली पाठीवर झोपूनच हे काम करावं लागतं. सगळे बोल्ट आधी अर्धे सैल करा, मग एकेक काढा, आणि शेवटच्या बोल्टच्या वेळी वरून कोणीतरी रेल धरून ठेवा. रेल आणि स्लेटमध्ये कुठे पातळ पट्ट्या निघाल्या तर त्या कोणत्या रेलखाली होत्या ते लिहून त्याच पिशवीत ठेवा. कुशनची धार बॉलच्या उंचीच्या ६२.५ ते ६४.५ टक्क्यांवर यावी असं माप आहे. बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे धार साधारण ३६ मिलिमीटरवर येते. ती पट्टी हरवली तर ही उंची चुकते आणि बॉल कुशनवरून नीट परतत नाही. काढलेली रेल कधीही रबराच्या धारेवर टेकवून ठेवू नका. आणि टेबल थोडं सरकवायचं असलं तरी रेलला धरून उचलू नका, कारण सगळं वजन तेव्हा त्या बोल्टांवर येतं आणि लाकडातली पकड उखडते.

रेल निघाल्या की कापड मोकळं होतं. ते स्टेपलने बसवलेलं असेल तर प्रत्येक स्टेपल चिमट्याने उपसायचा. ओढून फाडलं तर अर्धे तुटलेले स्टेपल लाकडात राहतात आणि पुढे लादी पकडणाऱ्याचा हात कापतात. काही टेबलांत कापड दगडाला डिंकासारख्या गोंदाने चिकटवलेलं असतं. ते एका कोपऱ्यातून हळूहळू, कमी कोनात सोलायचं. कापड काही वर्षं वापरलेलं असेल तर ह्याच वेळी नवं टाकणं शहाणपणाचं. एकदा ताणून बसलेलं कापड काढून पुन्हा त्याच ताणात बसवणं अवघड, आणि जुन्या खुणा, पांढरे डाग नव्या जागी हटकून वेगळ्या ठिकाणी येतात. कापड नवंच असेल तर घडी घालू नका, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा.

लादी सुटते तेव्हा

कापड निघालं की करडा दगड उघडा पडतो, आणि इथून घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. दोन सांध्यांवर आणि लाद्यांच्या कडेने ठिकठिकाणी मेणाचे किंवा लांबीचे (पुट्टीचे) फिकट गोल दिसतील. त्या गोलांखाली लादी चौकटीला धरून ठेवणारे स्क्रू असतात. रुंद पट्टीने मेण खरवडलं की स्क्रूचं डोकं दिसू लागतं. स्क्रू दोन्ही कडांना सहसा सारख्याच जागी असतात, म्हणून एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला चार मिळाले तर पाचवा कुठेतरी लपलेला आहे असं समजा. खोलीतला दिवा बंद करून टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की भरलेल्या भोकाची कड सावलीमुळे उठून दिसते. एक स्क्रू राहिला आणि लादी उचलली, तर नेमका त्या भोकाभोवती दगडाचा टवका निघतो.

स्क्रू निघाले तरी लादी लगेच सरळ वर उचलायची नसते. बऱ्याच टेबलांत सांध्याच्या आत पितळी पिना असतात. एका लादीची पिन दुसरीच्या भोकात बसलेली असते. टोकाची लादी आधी टेबलच्या लांबीच्या दिशेने बाहेर सरकवायची, पिना मोकळ्या झाल्यावरच उचलायची. बोटभर सरकली नाही तर जोर लावू नका, राहिलेला स्क्रू शोधा.

उचलण्याआधी तिन्ही लाद्यांच्या कडेवर मार्करने १, २, ३ लिहा आणि टेबलच्या डोक्याकडे बाण काढा. ह्या लाद्या कारखान्यात एकत्र घासून जुळवलेल्या असतात. पहिली आणि तिसरी दिसायला सारखी असली तरी त्यांची अदलाबदल केली तर सांधा जुळत नाही. लादी आणि चौकटीमध्ये लाकडाच्या पाचरी किंवा कागदाच्या पट्ट्या निघतील. त्या जुन्या घराच्या फरशीच्या मापाच्या असतात, म्हणून नव्या घरी त्या तशाच परत लावायच्या नसतात. नवी पातळी नव्याने काढायची.

आता माणसं. एका लादीला निदान तीन, जिना असेल तर चार. हातमोजे पकड असलेले, पायात चप्पल नको, बूट हवेत. दोघांनी एका बाजूने लादी वर करायची, दुसऱ्या बाजूच्यांनी तिची लांब कड चौकटीवर टेकू द्यायची, आणि ती हळूहळू उभी करत बाहेर घ्यायची. ह्या वेळी सूचना एकानेच द्यायच्या, आणि त्याही आधी समजावून: "दादा, आडवी नको, आधी उभी होऊ द्या. मी सांगितल्यावर उचला." माथाडी मंडळींना जड कपाट पाठीवर घेऊन जिना उतरायची सवय असते, वजनाचं त्यांना काही वाटत नाही. दगड का वाकू द्यायचा नाही एवढं त्यांना एकदा सांगितलं की त्यांच्याइतकी अलगद लादी दुसरं कोणी उतरवत नाही.

खाली ठेवताना लादी कोपऱ्यावर टेकवू नका. जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या, त्यांवर जुना गालिचा किंवा रबरी चटई, आणि त्यावर लांब कड. भिंतीला थोडी रेलून उभी करायची. अगदी काटकोनात उभी केलेली लादी कोणाचा धक्का लागला की उलट्या बाजूला पडते.

गाडीत

चौकट खोलता येत असेल तर खोला, पाय नक्की काढा. चौकट पायांवर फरफटत नेली की पायांचे सांधे ढिले होतात आणि तो ढिलेपणा पुढे पातळीत दिसतो. सगळे बोल्ट-स्क्रू भागाचं नाव लिहिलेल्या पिशव्यांत आणि त्या पिशव्या एकाच डब्यात.

प्रत्येक लादीला आधी फोम किंवा जाड गोधडी, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे दुहेरी कोन, आणि बाहेरून प्लास्टिकची फिल्म. दोन लाद्यांच्या मध्ये प्लायवुडचा तुकडा. दगडाला पावसाचं फारसं भय नाही, पण काही लाद्यांच्या खालच्या बाजूला स्टेपल बसावेत म्हणून लाकडाची किंवा एमडीएफची पट्टी चिकटवलेली असते. तिला पाणी लागलं तर ती फुगते आणि लादी उचलून धरते. जून ते सप्टेंबर हलवाहलव असेल तर बंद गाडीच घ्या. उघडा टेम्पो घ्यावाच लागला तर ताडपत्रीखाली आणखी एक प्लास्टिक हवं.

गाडीत लाद्या उभ्याच, आणि गाडीच्या लांबीच्या दिशेने, बाजूच्या फळीला रेलून. ह्यात दोन फायदे आहेत. चालकाने ब्रेक दाबला की झटका लादीच्या सपाटीवर न येता तिच्या लांबीतून जातो. खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की धक्का खालून कडेवर येतो, म्हणजे लादी सर्वांत बळकट असते त्याच दिशेने. हीच लादी फरशीवर आडवी टाकली असती तर प्रत्येक खड्ड्याला ती मधोमध वाकली असती. दोन ठिकाणी रुंद पट्ट्याने बांधा. नुसती सुतळी घाटात सैल होते. लाद्यांना टेकून दुसरं सामान ठेवू नका आणि वर तर काहीच नको.

चढवण्याचा क्रम उतरवण्याच्या उलट. लाद्या आधी चढवून केबिनजवळ उभ्या करायच्या, म्हणजे वजन पुढे राहतं, आणि चौकट सर्वांत शेवटी. नव्या घरी चौकट पहिली उतरते, ती जागेवर लागेपर्यंत लाद्या गाडीतच सुरक्षित राहतात, आणि एकदा उतरवली की लादी थेट चौकटीवर जाते. मधे कुठे ठेवा, पुन्हा उचला हे होत नाही. लादी फुटते ती बहुतेक वेळा अशा जादा उचलठेवीतच.

रेल लाकूड आणि रबर अशा दोन्हींच्या असल्यामुळे त्यांना ऊन सोसत नाही. बंद गाडी दुपारभर उन्हात उभी करू नका. बॉल त्यांच्या पेटीत, क्यू वेगळ्या आणि शक्यतो स्वतःच्या गाडीत.

नव्या घरी

इथे खरं कौशल्य लागतं. चौकट जोडल्यावर तिचे दोन्ही कर्ण मोजा. माप सारखं आलं तर चौकट काटकोनात आहे. नसेल तर बोल्ट घट्ट करण्याआधी एका कोपऱ्याला हलका रेटा देऊन ती काटकोनात आणा. मग साध्या पाणसळीने चौकटीची पातळी काढा. आपल्या फरशा सपाट दिसल्या तरी बऱ्याचदा त्यांना थोडा उतार असतो. ज्या पायाखाली कमी पडतं तिथे कठीण लाकडाची किंवा धातूची चकती घाला. पुठ्ठा, रबर असं दबणारं काही घातलं तर पातळी महिन्याभरात पुन्हा बिघडते.

आता लाद्या, आधी मधली. ती मधोमध बसवून टोकाच्या दोन्ही तिच्याकडे सरकवत पिना भोकांत घालायच्या. स्क्रू फक्त धरतील इतपतच. ह्यापुढे सुताराची पाणसळ पुरत नाही. मशिनिस्ट लेव्हल नावाची जाड लोखंडी पाणसळ लागते. ती एका फुटात ०.००५ इंचाचा उतारही दाखवते. ती मधल्या लादीवर लांबीत, रुंदीत आणि कर्णात ठेवून पाहायची. बुडबुडा ज्या बाजूला सरकतो ती बाजू उंच. मग खालच्या बाजूला लादी आणि चौकट ह्यांच्यामध्ये बारीक पाचर हलक्या हाताने सारायची. मधली जमली की टोकाच्या लाद्या तिच्याशी जुळवायच्या.

सांधा तपासायला यंत्रापेक्षा नख बरं. नख एका लादीवरून दुसरीवर सावकाश न्या. अडलं तर पुढची लादी उंच आहे. उलट दिशेनेही न्या. मग सांध्यावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून टॉर्च लावा. खालून उजेडाची रेघ दिसली की खोलगटपणा कुठे आहे ते कळतं. पातळी जमल्यावर स्क्रू आवळा, पण आवळल्यावर पुन्हा मोजा. स्क्रू दगडाला खाली खेचतात आणि जमलेली पातळी थोडी बदलते. आवळा, मोजा, पाचर सारा, पुन्हा मोजा. उभारणीचा बहुतेक वेळ ह्यातच जातो आणि जायलाही हवा.

सांधे आणि स्क्रूची भोकं मग मधमाश्यांच्या मेणाने भरतात. मेण वितळवून ओतायचं, निवलं की रुंद पट्टीने दगडाच्या पातळीत खरवडायचं. मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यातही ते सांध्यातून वाहत नाही. काही कारागीर मेणाऐवजी लांबी भरतात. ती कडक बसते, पण पुढच्या वेळी टेबल खोलताना ती फोडावी लागते आणि लादीची कड उडण्याची भीती असते. घर पुन्हा बदलण्याची शक्यता असेल तर मेणच बरं.

कापड टाकण्याआधी दगडावरून आधी कोरडा ब्रश आणि मग हाताचा तळवा फिरवा. एक वाळूचा कण राहिला तरी कापडाखाली तो कायमचा उंचवटा होतो. कापड टेबलच्या डोक्याकडून पायाकडे, मग बाजूंनी, दोन्ही हातांनी सारखं ताणत स्टेपल करायचं. एका बाजूने जास्त ताण पडला तर बॉल एका दिशेने जलद आणि दुसऱ्या दिशेने मंद धावतो.

शेवटी रेल. अठराही बोल्ट आधी हाताने बसवायचे, रेल सरळ रेषेत आणायच्या, पॉकेटची तोंडं सारखी आहेत का पाहायचं आणि मग एकाआड एक आवळायचे. एखादा बोल्ट ढिला राहिला तर तिथे आदळलेला बॉल "ठप्प" असा आवाज करून मरगळल्यासारखा परततो.

सगळं जोडल्यावर एकेक बॉल अगदी हळू सोडून पाहा, सांध्यांवरून आडवा आणि लांबीतून उभा. थांबत आलेला बॉल एका बाजूला वळला तर त्याच जागी उलट दिशेने सोडा. दोन्ही वेळा तो खोलीच्या एकाच भिंतीकडे ओढला जात असेल तर तिथे उतार आहे. एकदा इकडे, एकदा तिकडे वळत असेल तर बॉल किंवा कापड तपासा.

कोणाकडून करून घ्यावं

तीन लाद्यांचं आठ फुटी टेबल हे काळजीने काम करणाऱ्या चार माणसांना आणि एका सुताराला जमण्यासारखं आहे, मशिनिस्ट लेव्हल मिळत असेल तर. अखंड लादीचं टेबल, जुनं नक्षीदार टेबल आणि बारा फुटी स्नूकर टेबल मात्र टेबलं खोलणाऱ्या-जोडणाऱ्या फिटरकडेच द्यावं. स्नूकरच्या पूर्ण आकाराच्या टेबलात सहसा पाच लाद्या असतात आणि सगळं मिळून वजन टनाच्या वर जातं. तिथे स्लॅबचा प्रश्नही खरा असतो. चांगला फिटर शोधायचा सोपा मार्ग म्हणजे जवळच्या जिमखान्यातल्या मार्करला, म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत गुण मांडणाऱ्याला, विचारणं. क्लबची टेबलं कोण उघडतं, कापड कोण बदलतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

पॅकर्स मूव्हर्सना द्यायचं असेल तर भाव विचारण्याआधी एकच प्रश्न विचारा: "लाद्या सुट्या करणार ना?" "काही गरज नाही साहेब, अख्खं नेऊ," असं उत्तर आलं की नमस्कार करून पुढचा नंबर लावा. खोलणारा आणि जोडणारा एकच आहे का, नव्या घरी पातळी कोण काढणार, आणि वाटेत दगड फुटला तर भरपाई कशी, हे तीन मुद्दे लेखी घ्या. वाहतूक विमा घेतलात तर विमा पत्रात टेबलचं नाव आणि किंमत वेगळी लिहून घ्या. "घरगुती सामान" एवढ्या शब्दांत दगडाची लादी बसत नाही.

टेबल उभं राहिल्यावर तीन-चार आठवड्यांनी एकदा पुन्हा पातळी पाहा. पायाखालच्या चकत्या आणि फरशी भाराखाली थोड्या बसतात, विशेषतः खाली गालिचा असेल तर. फरक बहुधा एका पाचरीने निघतो. आणि त्याच दिवशी एक काम आणखी करा. लाद्यांचे क्रमांक, बोल्टचं माप, रेलखालच्या पट्ट्यांच्या जागा आणि कापड बदलल्याची तारीख एका कागदावर लिहा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि चौकटीच्या आतल्या बाजूला टेपने चिकटवा. पुढच्या वेळी टेबल खोलणारा तुम्ही असाल किंवा ते विकत घेणारा, त्याचा निम्मा शोध वाचेल.